उत्तरेचा प्रकाश आणि ढगांचा हिशेब

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे, ६९ अंश ३९ मिनिटं उत्तर अक्षांशावर ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. आर्क्टिक वृत्ताच्याही वर सुमारे ३५० किलोमीटर. सैबेरियातलं वर्खोयान्स्क ट्रॉम्सोच्या मानाने दक्षिणेला आहे, तरी तिथं जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४० च्याही खाली जातं. ट्रॉम्सोत मात्र त्याच महिन्यात पारा सरासरी उणे ३-४ अंशांवर असतो. बंदर गोठत नाही, विमानतळ हिवाळाभर चालू राहतो, शाळा-कॉलेजं नेहमीसारखी भरतात.

ही किमया अटलांटिकच्या कोमट प्रवाहाची. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेलं पाणी ईशान्येकडे वाहत येतं आणि त्याची एक शाखा नॉर्वेचा किनारा धरून थेट आर्क्टिकपर्यंत जाते. या उबेमुळेच इतक्या उत्तरेला पाऊण लाखाच्या वस्तीचं शहर नांदतं आणि मुंबईचा माणूस ओस्लोला विमान बदलून भर डिसेंबरात तिथं उतरू शकतो. ध्रुवीय प्रकाश ज्या पट्ट्यात सर्वांत जास्त वेळा दिसतो तो पट्टाही नेमका याच भागावरून जातो. पृथ्वीवर या पट्ट्याखाली येणारा बराचसा प्रदेश म्हणजे सैबेरियाचा उत्तर किनारा, कॅनडातला टुंड्रा नाहीतर उघडा समुद्र. हॉटेल, दवाखाना आणि रोजचं विमान असलेली गावं त्यात मोजकीच.

पण कोमट समुद्रावरून येणारा वारा ओलावा घेऊन येतो. किनाऱ्यावरच्या डोंगरांना तो धडकला की आभाळ भरतं आणि बर्फ पडू लागतो. २९ एप्रिल १९९७ रोजी ट्रॉम्सोत जमिनीवर २४० सेंटिमीटर बर्फ मोजला गेला होता, आणि तो काही जानेवारी नव्हता. ज्या समुद्रामुळे आपण तिथं पोहोचतो, तोच समुद्र आपलं आकाश झाकतो. 'नॉर्दर्न लाइट्स'च्या सहलीचं सगळं गणित या एका गोष्टीभोवती फिरतं. जाहिरातीत हिरव्या आकाशाचा फोटो असतो. प्रत्यक्षात आपण पैसे मोजतो ते अंधारासाठी, योग्य जागेसाठी, हाताशी असलेल्या काही रात्रींसाठी आणि ढगातली फट शोधून काढणाऱ्या माणसासाठी.

आकाशात घडतं काय

सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सतत बाहेर पडत असतात. हा सौरवारा. त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर, कधी त्याच्या दुप्पट. पृथ्वीपर्यंतचं १५ कोटी किलोमीटर अंतर कापायला त्याला तीन-चार दिवस लागतात. हे कण सरळ येऊन ध्रुवांवर पडतात आणि प्रकाश दिसतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. खरी गोष्ट थोडी वळसा घेऊन घडते.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याला अडवतं. सूर्याच्या बाजूला ते दाबलं जातं आणि रात्रीच्या बाजूला लाखो किलोमीटर ताणलं जाऊन त्याचं शेपूट तयार होतं. सौरवारा स्वतःबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि शेपटात ऊर्जा साठू लागते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की शेपटातल्या क्षेत्ररेषा तुटतात, नव्याने जुळतात आणि त्या झटक्यात इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे फेकले जातात. म्हणजे रात्री ट्रॉम्सोत दिसणारा प्रकाश ज्या कणांमुळे पेटतो, ते सूर्याच्या विरुद्ध बाजूने, पृथ्वीच्या पाठीमागून आलेले असतात. क्षेत्ररेषांच्या वाटेने ते चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात उतरतात. त्यामुळे ऐन ध्रुवापेक्षा या कड्याखाली, म्हणजे उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड आणि अलास्का इथं, प्रकाश जास्त वेळा दिसतो.

खाली उतरलेले इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूंवर आदळतात. अणूंना मिळालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. कोणता रंग दिसणार हे ठरतं ते उंचीवर. साधारण १०० ते २०० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा अणू हिरवा प्रकाश देतो. त्यासाठी त्याला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तोच अणू लाल प्रकाशही देऊ शकतो, पण त्या अवस्थेत त्याला सरासरी दोन मिनिटांच्या जवळपास थांबावं लागतं. खालच्या दाट हवेत एवढी उसंत मिळत नाही. त्याआधीच दुसऱ्या कणाशी टक्कर होते आणि ऊर्जा निघून जाते. म्हणून लाल रंग २०० किलोमीटरच्या वर, जिथं हवा अतिशय विरळ आहे तिथंच टिकतो. खालच्या कडेला कधी गुलाबी-जांभळी किनार दिसते, ती नायट्रोजनची. हिरव्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषेचं मूळ बरीच वर्षं कोणाला सापडत नव्हतं. ती ऑक्सिजनचीच आहे हे १९२५ मध्ये टोरांटोच्या प्रयोगशाळेत जॉन मॅक्लेनन आणि गॉर्डन श्रम यांनी दाखवून दिलं.

या विषयाचा पाया मात्र उत्तर नॉर्वेतच घातला गेला. क्रिस्तियान बिर्कलँड या भौतिकशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये अल्ताजवळच्या हाल्दे डोंगरावर, सुमारे ९०० मीटर उंचीवर, ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी दगडी वेधशाळा बांधून घेतली. पुढे त्याने निर्वात पेटीत चुंबक बसवलेला छोटा गोल ठेवला आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती चमकती कडी उमटली. त्याचा सहकारी कार्ल स्टोर्मर गणितज्ञ होता. १९१० मध्ये त्याने अल्ताजवळच्या बोसेकोप इथं काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे लावले, टेलिफोनवरून एकमेकांना खूण करून एकाच क्षणी फोटो घेतले आणि दोन्ही फोटोंतल्या ताऱ्यांच्या जागांवरून प्रकाशाची उंची काढली. प्रकाशाची खालची कडा साधारण १०० किलोमीटरवर असते हे अशा मोजमापांतून पक्कं झालं. डोंगरमाथ्यावरून हात उंचावला तर तो प्रकाश हाती येईल असं वाटतं, पण तो विमानाच्या दहापट उंचीवर असतो. ढग बिचारे पाच-सात किलोमीटरच्या आतच, आपल्या आणि त्याच्या मध्ये.

अंदाज सांगणारे आणि त्यांची मर्यादा

सहलीला निघालेल्या प्रत्येकाच्या फोनवर हल्ली एक तरी अरोरा अ‍ॅप असतं आणि त्यात 'केपी' नावाचा आकडा झळकत असतो. शून्य ते नऊ अशा या मापावर जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवरून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दर तीन तासांनी मोजली जाते. आकडा जितका मोठा, तितकं प्रकाशाचं कडं दक्षिणेकडे सरकतं. केपी सात-आठ झाला की जर्मनी-इंग्लंडच्या लोकांनी आनंदाने घराबाहेर पडावं. ट्रॉम्सो मुळात कड्याखालीच असल्यामुळे तिथं केपी एक-दोन असतानाही आकाशात हिरवी कमान उमटू शकते. त्यामुळे 'आज केपी फक्त दोनच आहे' म्हणून खोलीत झोपून राहणारा पर्यटक हातची रात्र घालवतो.

जास्त उपयोगाची माहिती येते ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-१ या बिंदूवरून. तिथं ठाण मांडून बसलेली याने सौरवाऱ्याचा वेग आणि चुंबकीय दिशा मोजत असतात. तिथून पृथ्वीपर्यंत यायला वाऱ्याला साधारण पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे पक्की खबर मिळते ती तासभर आधी. तीन दिवसांचा अंदाज हा अंदाजच. भारताचं आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी याच बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं. त्यावरची 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने तयार केली आहे.

सूर्याच्या या खळबळीशी महाराष्ट्राचं नातं त्याहूनही जुनं आहे. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या सौरवादळांपैकी एक पृथ्वीवर आदळलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतले निरीक्षक उपकरणांवरचे आकडे हाताने उतरवून घेत होते. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आल्याची त्यांची नोंद आजही त्या वादळाच्या अभ्यासात अनमोल मानली जाते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजमाप बिघडू नये म्हणून १९०४ पासून चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवण्यात आलं. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे आणि तिचा कारभार पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर हा प्रकाश थेट मुंबईहून दिसल्याचं तेव्हाच्या वृत्तपत्रांत छापून आलं होतं. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्ले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाली टिपली. पण अशी वादळं पिढीतून एखाद-दोनदा येतात आणि त्यांच्या भरवशावर रजा टाकता येत नाही. नेमाने बघायचं तर उत्तरेलाच जायला हवं.

रात्रीचा पाठलाग

ट्रॉम्सोतल्या सहलींमध्ये दोन तऱ्हा आहेत. एकीत आपल्याला शहराबाहेरच्या एका ठरावीक तळावर नेतात. तिथं तंबू, शेकोटी, गरम सूप आणि स्वच्छतागृह असतं. आकाश उघडलं तर उत्तम, नाहीतर गप्पा मारून परत. दुसरी तऱ्हा पाठलागाची. तिथे आठ-पंधरा जणांची छोटी गाडी असते आणि संध्याकाळी निघेपर्यंत कुठे जायचं हे कोणालाच सांगितलेलं नसतं, कारण गाईडनेही ते ठरवलेलं नसतं. त्याचं लक्ष अरोरा अ‍ॅपपेक्षा उपग्रहाच्या ढगांच्या चित्रावर आणि नॉर्वेच्या हवामान खात्याच्या तासातासाच्या अंदाजावर असतं. शहराच्या पश्चिमेला क्वालोया बेटाचा किनारा आहे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर तिकडचं आकाश मोकळं असतं. वारा समुद्रावरून येत असेल तर गाडी आग्नेयेला वळते. लिंगेनचे उंच डोंगर ढगांमधलं बरंच पाणी अडवून घेतात आणि त्यांच्या पलीकडच्या स्किबोटनच्या खोऱ्यात आकाश अनेकदा कोरडं, स्वच्छ मिळतं. कोकणात धो धो पाऊस पडत असताना घाटापलीकडे साताऱ्याच्या पूर्वेला शेतं कोरडी असतात, तोच हा प्रकार. तिथंही नशीब उघडलं नाही तर गाडी आणखी पुढे फिनलंडच्या सरहद्दीवरच्या किल्पिस्यार्वीपर्यंत जाते. ट्रॉम्सोहून हे अंतर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या वर आहे. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे सरहद्दीवर सहसा कोणी अडवत नाही, पण पासपोर्ट खिशात असलेला बरा.

पाठलागाची किंमत झोपेत मोजावी लागते. संध्याकाळी सहा-सातला निघालेली गाडी पहाटे एक-दोनला परतणं नित्याचं आहे. रस्त्यावर बर्फ असतो, चाकांना लोखंडी खिळे बसवलेले असतात, आणि मुख्य म्हणजे गाईड स्वतःच ड्रायव्हर असतो. भाड्याची गाडी घेऊन हे सगळं स्वतः करता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बर्फाळ रस्त्यावर, अंधारात, नजर आकाशाकडे लावून गाडी चालवणं धोक्याचं आहे. आणि थांबायला जागा कुठे आहे, कुठे बर्फ उपसून ठेवला आहे, कुठल्या वळणावर मागून ट्रक येतो, हे त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं फिरलेल्यालाच कळतं.

गाडी थांबली की गाईड सगळ्यांना चमकत्या पट्ट्यांची जाकिटं देतो, हेडलाइट बंद करतो आणि फोनचे पडदे मंद करायला सांगतो. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एकाने फोनची बॅटरी पेटवली तर सगळ्यांची तपश्चर्या वाया जाते. पहिल्यांदा उत्तरेला क्षितिजाजवळ फिकट, करडा पट्टा दिसतो. नवखा माणूस त्याला ढग समजतो. गाईड कॅमेरा रोखून काही सेकंदांचा फोटो घेतो आणि पडद्यावर तो पट्टा हिरवा निघतो. यात लबाडी काही नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाहीत. कॅमेरा मात्र आठ-दहा सेकंद प्रकाश गोळा करत राहतो. प्रकाश वाढला की डोळ्यांनाही हिरवा रंग स्वच्छ दिसतो, आणि जोरदार रात्री खालची गुलाबी किनारही.

ही शांत कमान तासभर तशीच राहू शकते. मग ती अचानक उजळते, तिला घड्या पडतात, उभ्या रेषा धावू लागतात आणि काही मिनिटांत सगळं आकाश व्यापून जातं. स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ मध्ये या क्रमाचं पहिलं नीट वर्णन मांडलं. आधी शांत कमान, मग उद्रेक, मग विखुरलेले, धडधडणारे ठिपके. शेपटात ऊर्जा साठणं आणि मोकळी होणं यांचाच तो आकाशातला आलेख असतो. उद्रेकाचा ऐन भर दहा-वीस मिनिटांत ओसरतो. म्हणून कमान पाहून 'झालं बघून, थंडी वाजतेय' म्हणत गाडीत जाऊन बसणाऱ्यांना गाईड परत बाहेर बोलावतो.

फोटोंबाबत एवढं पुरे: तिपाई हवी, फोकस एखाद्या ताऱ्यावर हाताने लावायचा, आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते म्हणून जादाची आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. गाडीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं. नाहीतर उबदार हवेतलं बाष्प थंडगार काचेवर जमतं आणि पुढच्या थांब्यावर भिंगावर पाण्याचा थर घेऊन उभं राहावं लागतं.

थंडीची धास्ती घेऊन लोक सुटकेसभर स्वेटर नेतात. खरा नियम तीन थरांचा आहे: अंगालगत लोकरीचा पातळ थर, मध्ये ऊब धरणारा जाड थर, बाहेर वारा अडवणारं कवच. सुती बनियन घरी ठेवायचं. ते घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंग गार पाडतं. बूट एक माप मोठे असावेत. दोन जोड मोजे कोंबून घट्ट बूट घातले तर रक्तप्रवाह आवळतो आणि बोटं आधी बधिर होतात. बहुतेक सहलींत वरून घालायचा जाड एकसंध सूट आणि बूट मिळतात, तरी बुकिंगच्या वेळी विचारून घ्यावं. किनाऱ्यावर उणे चार असताना आतल्या खोऱ्यात उणे वीस असू शकतं, आणि तिथे आपल्याला चालायचं नसतं, तासन्‌तास उभं राहायचं असतं. गावातल्या रस्त्यांवर मात्र वेगळीच काळजी लागते. दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फाचा काचेसारखा थर फुटपाथवर असतो. बुटांवर ओढून बसवायचे रबरी काटे तिथल्या दुकानांत मिळतात. पहिल्याच दिवशी घ्यावेत.

दिवसभर काय करायचं

साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या काळात ट्रॉम्सोत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. तरी दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, बर्फ तो परतवतो आणि वाटा स्पष्ट दिसतात. शहराला डोंगरांनी वेढल्यामुळे रस्त्यावर ऊन पोहोचायला आणखी काही दिवस जातात. २१ जानेवारीला गावात सूर्यदिन साजरा होतो आणि त्या दिवशी लोक गोड पाव खाऊन सूर्याचं स्वागत करतात. हिवाळी सहलीतले बर्फातले उद्योग या मोजक्या उजेडात बसवलेले असतात, आणि त्यांचा मोठा फायदा असा की त्यांना स्वच्छ आकाश लागत नाही. रात्र वाया गेली तरी दिवस जात नाही.

सगळ्यांत मागणी असते कुत्र्यांच्या स्लेजला. ओढणारी कुत्री असतात अलास्कन हस्की. चित्रातल्या निळ्या डोळ्यांच्या गुबगुबीत कुत्र्यांपेक्षा ही सडपातळ आणि संमिश्र रक्ताची असतात. दमसास आणि धावण्याची हौस पाहून त्यांची पैदास झालेली असते. वजन वीस-पंचवीस किलोच्या आसपास. निघण्याआधी तळावर कानठळ्या बसतील इतका कल्ला असतो. जुंपलेलं प्रत्येक कुत्रं उड्या मारतं, दोर चावतं, भुंकतं, आणि स्लेज बर्फात रुतवलेल्या लोखंडी आकड्याने कशीबशी जागेवर धरलेली असते. आकडा निघाला आणि स्लेज हलली की भुंकणं एकदम थांबतं. मग ऐकू येतो तो फक्त धापांचा आणि बर्फावर घासणाऱ्या पट्ट्यांचा आवाज. चालवणारा मागच्या दोन पट्ट्यांवर उभा राहतो, एक पाय ब्रेकवर ठेवतो. चढावर उतरून ढकलायचं, उतारावर ब्रेक दाबून दोर ताणलेला ठेवायचा, नाहीतर स्लेज मागच्या कुत्र्यांच्या पायांवर जाते. आणि पडलात तरी दांडी सोडायची नाही. कुत्री तुमच्यासाठी थांबत नाहीत.

रेनडिअरची भेट संथ असते. उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचं कोला द्वीपकल्प मिळून सामी लोकांचा प्रदेश होतो, आणि नॉर्वेच्या या भागात रेनडिअर पाळण्याचा हक्क सामींनाच आहे. सहलीत कळपाला चारा घालता येतो, जनावराच्या गाडीतून फेरी मारता येते, मग शेकोटीभोवती रेनडिअरच्या मांसाचा आणि बटाटा-गाजराचा 'बिडोस' नावाचा रस्सा मिळतो. शाकाहारी आणि जैन मंडळींनी आधी कळवलं तर वेगळी सोय होते, तिथं गेल्यावर सांगितलं तर होत नाही. या प्राण्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्यात गडद निळा होतो. अंधाऱ्या महिन्यांत त्याला जास्त दिसावं यासाठीची ही व्यवस्था ट्रॉम्सोच्या रेनडिअरांवर झालेल्या अभ्यासातून पुढे आली. एक शिष्टाचार मात्र पाळावा. कळपात किती जनावरं आहेत असं विचारू नये. तिकडे हा प्रश्न म्हणजे बँकेतली शिल्लक विचारणं.

सामी लोक पर्यटकांसाठी वेश घालून बसलेले नाहीत, हेही समजून घ्यायला हवं. अनेक पिढ्या त्यांची भाषा शाळांतून दाबली गेली. १९७९ ते १९८१ या काळात अल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध त्यांनी मोठं आंदोलन केलं. धरण झालं, पण त्या रेट्यातून सामींच्या हक्कांचा प्रश्न राष्ट्रीय झाला आणि १९८९ मध्ये कारास्योक इथं सामी संसद सुरू झाली. शेकोटीपाशी बसलेला यजमान 'योइक' गातो तेव्हा तो या परंपरेतलं काहीतरी सांगत असतो. त्यावेळी फोन खाली ठेवणं ही साधी सभ्यता.

स्नोमोबाइलबाबत नॉर्वेचा कायदा कडक आहे. १९७७ च्या कायद्याने रानात मोटारी वाहनं मनाला येईल तशी फिरवण्यावर बंदी आहे, त्यामुळे सहली लिंगेन परिसरात आखून दिलेल्या वाटांवरच चालतात. चालवणाऱ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स लागतं, मागे बसणाऱ्याला नाही. ज्यांना आवाज नको त्यांच्यासाठी बर्फात न रुतता चालण्याचे रुंद स्नोशू आहेत, आणि नोव्हेंबर ते जानेवारी या काळात स्क्येर्वोयच्या बाजूला हेरिंग माशांमागे येणारे कुबडे देवमासे आणि ओर्का पाहण्याच्या बोटीही.

कधी जायचं आणि किती रात्री

ध्रुवीय प्रकाश वर्षभर चालू असतो. आपल्याला दिसण्यासाठी अंधार लागतो. ट्रॉम्सोत तो ऑगस्टअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत मिळतो. मराठी घरात मात्र सहलीची तारीख शाळेचं वेळापत्रक ठरवतं. दिवाळीची सुट्टी ऐन अमावास्येच्या आसपास येते, म्हणजे चंद्राचा अडसर नाही, पण त्या दिवसांत किनाऱ्यावर बर्फाची खात्री नसते आणि स्लेज चाकांवर चालवावी लागू शकते. नाताळात ध्रुवीय रात्र आणि बर्फ दोन्ही असतं, गर्दी आणि दरही त्याच प्रमाणात. फेब्रुवारी-मार्च सर्वांत भरवशाचे: भरपूर बर्फ, दिवसा ऊन, रात्री अंधार, आणि विषुवदिनाच्या सुमारास पृथ्वीचं आणि सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांशी जोडलं जायला अनुकूल स्थितीत असल्यामुळे प्रकाशाची शक्यताही थोडी वाढलेली. घरात दहावी-बारावी असेल तर हे दोन महिने बाद. त्यांनी सप्टेंबरचा विचार करावा, बर्फावर पाणी सोडून.

सूर्यावरच्या डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं असतं आणि सध्याच्या चक्राने कमाल टप्पा गाठल्याचं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. पुढची काही वर्षं उतरती असली म्हणून बेत रद्द करण्याचं कारण नाही. चक्राच्या तळालाही कड्याखालच्या गावांत प्रकाश दिसत राहतो. कमी होतात ती मोठी वादळं.

राहता राहिला रात्रींचा हिशेब. समजा एका रात्री प्रकाश दिसण्याची शक्यता निम्मी धरली. एक रात्र राहणाऱ्याला नाणेफेक. तीन रात्री असतील तर तिन्ही वाया जाण्याची शक्यता आठात एक, चार असतील तर सोळात एक. कागदावरचं हे गणित प्रत्यक्षात थोडं फसतं, कारण ढग रोज नव्याने नाणं उडवत नाहीत. समुद्रावरून आलेला पट्टा तीन-चार दिवस मुक्काम ठोकू शकतो, आणि मग चारही रात्री एकाच गावात घालवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उपाय म्हणून मुक्काम विभागावा: दोन-तीन रात्री किनाऱ्यावर, दोन-तीन रात्री डोंगरापलीकडच्या कोरड्या प्रदेशात. स्वीडनमधलं अबिस्को त्यासाठी नावाजलेलं आहे. पश्चिमेकडचे डोंगर तिथं पोहोचणारे ढग आधीच रिकामे करतात; वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. ट्रॉम्सोहून बसने नार्विक आणि तिथून खाणीच्या लोखंडासाठी बांधलेल्या जुन्या रेल्वेमार्गाने अबिस्को, असा रस्ता सोयीचा पडतो.

सहल विकणाऱ्या कंपनीला म्हणूनच हॉटेलच्या ताऱ्यांआधी दुसरे प्रश्न विचारावेत. प्रकाश पाहण्यासाठी प्रत्यक्ष किती रात्री राखून ठेवल्या आहेत? त्या सलग एकाच गावात आहेत की दोन वेगळ्या हवामानांत? रात्रीची फेरी ठरावीक तळावर आहे की गाडी ढगांप्रमाणे दिशा बदलते? गाडीत किती माणसं असतात? प्रकाश दिसला नाही तर दुसरी फेरी मोफत की सवलतीत, की काहीच नाही? आठ दिवसांत चार देश दाखवणारी आणि प्रकाशासाठी एकच रात्र ठेवणारी सहल याच प्रश्नांवर उघडी पडते. चार देश पुढेही बघता येतील. या सहलीत एखादी राजधानी वगळून तिच्या जागी उत्तरेत आणखी दोन रात्री मागून घ्याव्यात. दरात फारसा फरक पडत नाही, शक्यतेत पडतो.